लाल कंदील (अनुभव धागा): देखणा, पण झोप उडवणारा सिनेमा

काल समोरच्या सोसायटीत दिवाळीचे लाल आकाशकंदील ओळीने लागले आणि माझ्या पोटात खड्डाच पडला. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिलेला चिनी दिग्दर्शक झांग यिमोउचा 'रेझ द रेड लँटर्न' (१९९१) आठवला. चार बायका, आणि मालक रात्री जिच्याकडे जाणार तिच्या अंगणात कंदील पेटणार. खोटं गरोदरपण उघड झाल्यावर चौथीच्या कंदिलांवर काळ्या खोळी चढवतात. तोवर मी नुसती रंगांवर भाळले होते. त्या भाळण्याचाच नंतर राग आला. तुम्हाला असा कुठला सिनेमा छळतो का? लिहा.
– शेवंती

गच्चीवरची कुलूपबंद खोली!! बर्फात तिसऱ्या बायकोला फाशी द्यायला तिकडे उचलून नेतात आणि कॅमेरा लांबच थांबतो. जवळ गेला असता तर इतकं लागलं नसतं. मालकाचा चेहराही कुठे धड दिसत नाही.
– घाटमाथा

+१. मला, जिची पाळी तिच्या तळपायांना मालिश करायच्या हातोड्यांचा आवाज. खुळखुळ्यासारखा. बाकीच्या तिघी आपापल्या खोलीत बसून तो ऐकतात. कुकर झाला, येते परत.
– दुपारचा चहा

मला ती दासी. स्वतःच्या खोलीत जुने फाटके कंदील लपवून पेटवते बिचारी. बर्फात गुडघे टेकून बसते, पण माफी मागत नाही.
माझ्या पणजीला सवत होती. दोघी एकाच चुलीवर. पणजोबांचं अंथरूण आज कुठल्या खोलीत घातलंय हे पोरासोरांनाही कळायचं, असं आजी सांगायची. आईला सिनेमा दाखवला तर मध्येच उठून देवघरात जाऊन बसली.
– रानजाई

रानजाई, काटा आला गं. आईला परत विचारलंस का काही?
– शेवंती

नाही. धीर झाला नाही.
– रानजाई

शूटिंग चीनच्या शान्शी प्रांतातल्या छ्याओ घराण्याच्या खऱ्या वाड्यात झालंय. लेखक सु तोंगच्या मूळ कथेत कंदिलांचा विधी नाहीच, तो सिनेमाने घातला. वाड्यावरून आठवलं, आमच्या साताऱ्याच्या घराची कौलं चाळणारं कुणी माहीत आहे का? माडी गळून गळून भिंती फुगल्यात.
– घाटमाथा

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आमचे वाईचे काका करतात, पण दिवाळीनंतरच.
आणि शेवट! पुढच्या उन्हाळ्यात पाचवी येते, आणि चौथी कॉलेजातल्या कपड्यांत अंगणात नुसती फेऱ्या मारत असते. माझी लेक तेव्हा त्या चौथीसारखी एकोणीसचीच होती, तिच्या खोलीत जाऊन बघून आले मी.
– दुपारचा चहा

आमचा कंदील आणायचाय अजून. धाकटीला लालच हवाय.
– शेवंती