'सीझनिंग'ला मराठीत काय म्हणावं? आणि अख्खी मिरी की अख्खी मिरची?

उंबरठा:
जमैकातल्या एका घराची कथा मराठीत आणते आहे. शनिवारची रात्र. आजी रविवारच्या जेवणासाठी कोंबडी लिंबाने धुते, तिला 'सीझनिंग' लावते आणि झाकून ठेवते. नंतर एकदा 'सीझनिंग कमी पडलंय' असंही म्हणते. मी लिहिलं, 'आजीने कोंबडीला मसाला लावला.' पुढे नारळाच्या दुधात राजमा-तांदूळ शिजताना ती वर एक अख्खी 'पेपर' सोडते आणि नातीला बजावते, फुटू देऊ नकोस. मी लिहिलं, 'अख्खी मिरी'. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने दोन्ही खोडलं. मिरी फुटली तर बिघडलं काय, म्हणाली. आणि मसाला म्हटलं की डोळ्यांपुढे लाल भुकटी येते, इथे तर सगळं हिरवं आणि ओलं आहे. तिचं बरोबर आहे, पण मग शब्द कोणता?

ब्रिक्स्टनकर:
ताई, मिरची लिहा. लंडनमध्ये ब्रिक्स्टनला बरीच वर्षं काढली, शेजारच्या आजी जमैकाच्या होत्या. नुसतं 'पेपर' म्हणजे स्कॉच बॉनेट मिरची. मिऱ्यांना त्या 'ब्लॅक पेपर' असं पूर्ण नाव घेऊन बोलवायच्या. ही मिरची बुटकी, चपटी, चुरगळलेल्या टोपीसारखी. वास फळासारखा गोडसर, तिखटपणा मात्र भयंकर. भातात फक्त तो वास उतरावा म्हणून देठासकट वर सोडायची. फुटली की पोरांना भात खाता येत नाही.

सीझनिंग म्हणजे पातीचा कांदा, थाईम, लसूण, हीच मिरची आणि पिमेंटोचे, म्हणजे ऑलस्पाइसचे, ठेचलेले दाणे. आजी मांसाला चिरा पाडून हे सगळं बोटांनी आत भरायच्या आणि रात्रभर ठेवायच्या. सकाळी दार उघडलं की जिन्यात वास.

शुद्धमती:
मग अडचण कुठे आहे? आपल्याकडे 'वाटण' आहे. सीझनिंग, मॅरिनेशन असले शब्द मराठी कथेत कशाला हवेत? मसालाही नको, तो तर फारसीतून आलेला.

तळकोकण:
वाटण वाटावं लागतं, ताई. ब्रिक्स्टनकर सांगतायत ते चिरलेलं आणि चोळलेलं आहे. आणि आमच्याकडे मालवणीत म्हणतात 'वाटप', त्यात खोबरं आलंच. मी वाचक असतो तर 'वाटप' वाचून कोंबडी खोबऱ्यात गेली असं धरून चाललो असतो.

मसाला फारसीतून आला तरी मूळ अरबी आहे, 'मसालिह', म्हणजे हिताच्या, उपयोगी गोष्टी. इतका चांगला अर्थ घेऊन आलेला शब्द परका म्हणून घराबाहेर काढायला माझं मन घेत नाही.

मिरसांग:
मिरी-मिरचीच्या घोटाळ्याबद्दल उंबरठाताईंनी वाईट वाटून घेऊ नये, हा घोटाळा पाचशे वर्षं जुना आहे. कोलंबस 1494 साली जमैकाला पोचला. स्पॅनिश लोक मिऱ्यांच्या शोधात होते आणि मिऱ्यांना ते 'पिमिएंता' म्हणत. तिथल्या एका झाडाचे वाळलेले दाणे मिऱ्यांसारखे दिसले, म्हणून त्यांच्यावर तेच नाव बसलं. तो हा पिमेंटो.

आपणही तेच केलं. पोर्तुगिजांबरोबर तिखट शेंग आली आणि आपण तिला मिऱ्यावरून 'मिरची' म्हटलं. आम्ही गोंयकार तर 'मिरसांग' म्हणतो. माझी आजी त्याची फोड 'मिरी' आणि 'सांग', म्हणजे शेंग, अशी करायची. मला ती पूर्ण पटते.

उंबरठा:
पिमेंटोला एका कोशात 'कबाबचिनी' दिलंय. चालेल?

तळकोकण:
नको. कबाबचिनी म्हणजे कंकोळ, विड्यात घालतात ते. त्याच्या दाण्याला बारीक शेपटी असते. दोन्ही झाडांचा काही संबंध नाही.

मिरसांग:
बाजारात पिमेंटोला कबाबचिनी म्हणून विकतात हेही खरंच आहे. लोक म्हणतात तो शब्द. फोंड्याच्या मसाल्याच्या बागांत मात्र 'ऑलस्पाइस'च म्हणतात. पान चुरगाळून हुंगायला देतात. लवंग, दालचिनी, जायफळ, सगळं एका पानात. त्यामुळे कित्येकांना ऑलस्पाइस म्हणजे गरम मसाल्याची पूड वाटते. मी पिमेंटोच ठेवीन.

शुद्धमती:
थाईमला तरी 'ओवा' म्हणा. वास तोच आहे.

ब्रिक्स्टनकर:
वासाचं कारण खरं आहे, थायमॉल दोन्हीत असतं. पण कोंबडीला ओवा लावला असं वाचून मला पोटदुखीचं औषध आठवेल. आपल्या पानओव्यालाही तिकडे एक प्रकारचा थाईम समजतात, पण आजी वापरायच्या तो बारीक पानांचा, काडीसकट.

मूळ प्रश्नावर माझं मत: नाम शोधूच नका. 'हिरवा मसाला चोळून रात्रभर मुरत ठेवला' असं लिहा. मुरणं यात सगळं आलं.

शुद्धमती:
'मुरत ठेवला' छान. पण आजी पुढे म्हणते ना, 'सीझनिंग कमी पडलंय'? तिथे नाम लागणारच. 'संभार' घ्या. जमवलेलं साहित्य, असा जुना अर्थ आहे.

सावजी:
नागपुरात संभार म्हटलं तर हातात कोथिंबिरीची जुडी पडेल. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, सांबारवडी त्याचीच. तुमचा संभार आणि आमचा सांबार एकच असावेत असं मला फार दिवसांपासून वाटतं. स्वयंपाकात शेवटी घालायचं जे हिरवं, तेच साहित्य.

तळकोकण:
आणि इडलीबरोबरचा?

सावजी:
त्यावर वेगळा धागा काढू, तो इथे संपायचा नाही.

उंबरठा:
संभारचा विचार करते. तोवर अजून एक. नाताळच्या प्रकरणात राजम्याच्या जागी 'गंगो पीज' घालून तोच भात होतो. हे कोणते वाटाणे?

ब्रिक्स्टनकर:
वाटाणे नाहीत, तूर! ओली तूर. नाताळच्या सुमाराला तिथे शेंगा भरतात. तूर मूळची आपलीच. आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनमध्ये पोचली. आपल्याकडचे मजूर 1845 पासून जमैकाला जायला लागले, त्याच्या कितीतरी आधी.

सावजी:
अहो, मग हा सोलेभात झाला! ओल्या तुरीच्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात घरोघरी होतो. ताई, निःशंक 'सोलेभात' लिहा.

तळकोकण:
लिहू नका. कोकणात सोलं म्हणजे कोकम. आमचा वाचक म्हणेल, नारळाच्या दुधात सोलं घातली, ही तर सोलकढी झाली.

सावजी:
'सोलणे'वरून आलेला शब्द आहे, दाणे सोलून काढतात म्हणून सोले. पहिला हक्क तुरीचा.

तळकोकण:
आम्हीही फळाची सालंच सोलून वाळवतो, दादा. हक्क कसा ठरवणार?

मिरसांग:
गोव्यातही सोलां म्हणजे कोकमच. दोन मतं आमच्या बाजूने.