शंभरपर्यंत पाठ, पण तीन खडे देता येत नाहीत

मुलांना मोजायला शिकवायचं तर १ ते १०० चा भिंतीवरचा तक्ता लावा, असं सुचवलं जातं, पण चार वर्षांच्या मुलांसाठी त्यावर पैसे खर्च करायची गरज नाही. अंक घडाघडा म्हणणारं मूल बऱ्याचदा "मला चार खडे दे" म्हटल्यावर मूठभर देतं. हीच खरी चाचणी, आणि तिला साक्षर पालक लागत नाहीत.

सुरुवात १ ते ३ पासून. खडे एका ओळीत मांडा, गोलात नको. गोलात कुठून सुरू केलं ते मूल विसरतं आणि पहिला खडा पुन्हा मोजतं. मोजलेला खडा बाजूला सरकवायला लावा. मोजून झाल्यावर "मग किती झाले?" विचारा. मूल पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, हे अजून उमगलेलं नाही. तेव्हा आकडा वाढवू नका. तीन पक्के झाल्यावरच चार. रोज पाच-दहा मिनिटं पुरे. मोठ्यांची घाई नडते: उत्तर येण्याआधीच आपण सांगून टाकतो. मनात पाचपर्यंत मोजून थांबा.

साहित्याबद्दल मात्र कडक राहा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुमारे ३.२ सेंमी व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू नको, घशात अडकते. बाटलीचं नेहमीचं झाकणही त्यात मावतं! कडधान्याचे दाणे तर मोठ्या मुलांनाही नजरेसमोरच द्या; नाकात गेले की ओलाव्याने फुगतात.