'महाराष्ट्र' मधून 'हार' निघत नाही! काना सुटा करणं आधी थांबवा

आडवे_उभे:
एका शिक्षकांची पोस्ट फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. 'महाराष्ट्र या शब्दात लपलेले शब्द शोधा', आणि खाली मुलांनी काढलेली यादी: हार, मार, हाट, मटर, रहाट, आहार. सगळ्यांच्या टाळ्याच टाळ्या. अहो पण 'महाराष्ट्र' मधे सुटा र आहे कुठे? म, हा, रा, ष्ट्र. चार अक्षरं. त्यातून निघतात राम, महा, राहा, मरा, राष्ट्र. बास. हार काढायचा तर रा चा काना उपटावा लागतो, हाट काढायला ष्ट्र फोडून मधला ट ओढून काढावा लागतो. असं फोडायचंच असेल तर शोधायचं काय उरलं मग? आपल्याकडे अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट एक घास. 'रामाला भाला मारा' उलटं वाचलं तरी तेच येतं ना, ते अक्षराअक्षराने उलटतं म्हणून येतं, काना वेगळा धरलात तर सगळं कोसळतं. मोठ्या अभंगात ६-६-६-४ मोजताना 'ध्यान' मधला ध्या एकच धरतो, ध आणि य वेगळे नाही मोजत. मी पस्तीस वर्षं रविवारची शब्दकोडी सोडवतेय, वेलांटीला स्वतंत्र चौकट दिलेली एकदाही बघितली नाही. मुलांना 'पाकळी' द्या. पाक, कळी, पाळी. एकही अक्षर न मोडता तीन शब्द!

पाटी_पेन्सिल:
ती पोस्ट माझीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तिसरीचा वर्ग, बावीस मुलं. तुमच्या पद्धतीनेच सुरुवात केली होती. दोन पोरांनी मिनिटभरात राम आणि राष्ट्र सांगितलं, बाकीची वीस माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग म्हटलं, काना सुटा करा, जोडाक्षर फोडा. शेवटच्या रांगेतला एक मुलगा, ज्याला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, तो उभा राहून म्हणाला, गुरुजी, रहाट. त्याच्या आजोबांच्या विहिरीवर मोडका रहाट पडलेला आहे म्हणे. वर्षभरात पहिल्यांदा आपणहून बोललाय तो. त्याला मी सांगू की तुझा ट जोडाक्षरातला आहे, खाली बस? आणि राम = र् + आ + म् + अ हे व्याकरणात आपणच शिकवतो की. तिथे फोडलेलं चालतं आणि खेळात नाही, असं का?

जोडाक्षर:
वर्ण फोडायचे तर गुरुजी नीट फोडा. म् अ ह् आ र् आ ष् ट् र् अ, झाले दहा वर्ण, त्यात अ फक्त दोन. हार बसतो, रहाटला दोन अ लागतात तोही बसतो, आहार बसतो कारण आ दोन आहेत. पण मटरला तीन अ लागतात, तो गेला. आता मोबाईलवर टाइप करा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. हेही दहाच तुकडे, पण वेगळे. इथे मटर बसतो आणि आहार जातो, कारण सुटा आ कुठे नाहीच, नुसता काना आहे. म्हणजे तुमच्या यादीत दोन वेगळ्या नियमांचे शब्द एकत्र आलेत. मी फॉन्ट आणि कीबोर्डच्या कामात आहे, १९९१ पासून युनिकोडमधे देवनागरी आहे तरी मराठी शब्दखेळ बनवणारे अजून इंग्रजीचा सांगाडा उचलतात आणि पोरांच्या समोर ठिपक्यांच्या गोलावर लटकलेला एकटा काना येतो, तो बघून माझं डोकं फिरतं. पण आडवे_उभे, तुमचा नियमही सोपा नाही. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ अक्षरं, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजी स्क्रॅबल शंभर सोंगट्यांत होतं. आपल्याला सोंगट्या पोत्यात भरून आणाव्या लागतील.

दूरदेशी:
आम्ही डॅलसला. लेक 'महाराष्ट्र'च्या इंग्रजी स्पेलिंगमधून स्टार, हॅट धडाधड काढते, मराठीत अडायची. आत्ता 'पाकळी' दिला, तिन्ही सापडले. काना सुटा करून दिला असता तर तिला वाटलं असतं की ही पण एबीसीडीच आहे. माझं मत अक्षर न मोडण्याला.

अठरा_नियम:
अक्षर मोडायचं नाही हे बरोबर, पण मग पूर्ण पाळा. 'कविता' मधून लोक सर्रास 'कवी' काढतात. निघत नाही. कविता मधला वि ऱ्हस्व, कवी मधला वी दीर्घ. 'चिमा काय कामाची' उलटसुलट सारखं म्हणून सांगतात, त्यात सुरुवातीला चि आणि शेवटी ची. 'भाऊ तळ्यात ऊभा' तर जमवण्यासाठी चुकीचं लिहावं लागतं, शब्द उभा आहे. छपाईआधीची मुद्रितं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, तरी १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे शुद्धलेखनाचे अठराच नियम लोकांना पाठ होत नाहीत. तुमचं 'राहा' मात्र बरोबर लिहिलंत, बहुतेक लोक 'रहा' लिहितात.

आडवे_उभे:
कवीचं नाव काढलंत म्हणून सांगते. आठवीत आंतरशालेय स्पर्धा होती, शब्द 'कविता'. मी कवी लिहिला, परीक्षकांनी लाल शाईने काट मारली, एका गुणाने ढाल गेली. घरी आजोबांनी १९६२ च्या आधीची पुस्तकं काढून दाखवली, सगळीकडे 'कवि' छापलेलं. आजही आपण कविसंमेलन लिहितो. मग कवितेत कवी नाही असं कसं म्हणता? ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यावं खेळात.

पाटी_पेन्सिल:
म्हणजे तुमची वेलांटी फिरवलेली चालते आणि माझ्या पोराचा काना हलवलेला चालत नाही? ताई, राग येतोय मला. स्वतःची ढाल गेली तिथे नियम सैल हवा, आणि माझ्या शेवटच्या रांगेसाठी कडक.

आडवे_उभे:
वेलांटी काढून टाकत नाहीये मी, ती अक्षरावरच राहते! दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि ढालीचा टोमणा मारायची गरज नव्हती.

गोदाकाठ:
मी फक्त वाचत होते पण आता राहवत नाही. चौथीत बाईंनी 'पावसाळा' दिला होता. पोरांनी पाव सांगितला, वसा सांगितला. मी हात वर केला आणि म्हटलं, साळा. आमच्या घरी, गल्लीत, सगळेच साळाच म्हणायचे, आई रोज म्हणायची साळात जा. सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, शाळा म्हणायला शीक आधी. मी एकही अक्षर मोडलं नव्हतं, काना सुटा केला नव्हता, सा आणि ळा दोन्ही जागच्या जागी होते, तुमच्या सगळ्यांच्या नियमात बसत होतं. तरी काटलं. त्यानंतर सातवीपर्यंत मी वर्गात हात वर केला नाही. म्हणून सांगते, काना, वर्ण, वेलांटी यावर भांडताय ते ठीक, पण शब्द कोणाचा धरायचा हे कोण ठरवतं ते आधी बोला. अठरा नियम पाठ नसणारी माणसं पण मराठीच बोलतात.

अठरा_नियम:
तुमच्यावर हसले ते वाईटच झालं. पण लिहिण्याला एक प्रमाण लागतं. प्रत्येक तालुक्याचं वेगळं छापलं तर पाठ्यपुस्तक वाचणार कोण?

गोदाकाठ:
पाठ्यपुस्तक कुणी मागितलं तुमच्याकडे? दहा वर्षांच्या पोरीने खेळात एक शब्द सांगितला होता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं काटत बसलात, समोरचं माणूस कधी ऐकलंत का?

अठरा_नियम:
हे जास्त झालं. माझी आजीसुद्धा साळाच म्हणायची आणि तिला कधी कोणी दुरुस्त केलेलं मला आवडलं नसतं. खेळात बोलीतला शब्द धरावा, एवढं मान्य. वहीत शाळा. आणि कवितेतून कवी अजिबात नाही.

जोडाक्षर:
गुरुजी, मूळ मुद्दा राहिला. एका डावात एकच नियम ठेवा आणि तो आधी फळ्यावर लिहा. वर्ण तर वर्ण, अक्षर तर अक्षर.

पाटी_पेन्सिल:
मटर आणि आहार एकाच यादीत घेतले ती चूक माझी. पण रहाट मी काढणार नाही, वर्णाच्या हिशोबात तो पूर्ण बसतो. उद्या अक्षर न मोडता खेळून बघतो, ताई म्हणतात म्हणून नव्हे, चार अक्षरांत किती निघतात ते मलाच बघायचंय. शब्द 'पावसाळा'.

आडवे_उभे:
पाव, साव, वसा, पाळा. आणि साळा, पाच झाले. ष्ट्र मधला ट मी तरीही देणार नाही.

गोदाकाठ:
गुरुजी, उद्या कुणी साळा म्हटलं तर कोण म्हणालं ते इथे सांगा.