तक्रार निवारण कक्ष: न्याय की प्रशासनाचा शिक्का?

सूचनाफलक: विद्यार्थी निवडणुकीत तक्रार निवारण कक्षाकडे जाणं म्हणजे वेळेचा अपव्यय. कक्षाच्या पाच सदस्यांतले तिघे संस्थेचेच शिक्षक-अधिकारी, अपीलही संस्थाप्रमुखाकडेच. तक्रारी करणं सोडा.

मतपेटी: हा सल्ला घातक आहे. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या, त्यात कक्षाचं काम तासांच्या हिशोबात बांधलंय. निवडणुकीच्या निकालापासून तीन आठवड्यांत, स्वतःच्या नावाने तक्रार. २४ तासांत ती फेटाळायची किंवा सुनावणी लावायची. समोरच्याच्या हाती तक्रारीची प्रत पडल्याशिवाय नोटीस पोचली असं धरत नाहीत आणि पोचल्यावर २४ तास तरी द्यावेच लागतात. घोळ इथेच होतो: संध्याकाळी पाचला नोटीस, सोबत प्रत नाही, सकाळी दहाला सुनावणी. गैरप्रकार उघड असला तरी अपिलात बोट ठेवायला जागा मिळते.

हजेरी७५: आणि फ्लेक्सचं काय? खर्चमर्यादा ५,००० रुपये, पोस्टर फक्त हाताने बनवलेलं. तरी गेटवर छापील फ्लेक्स झळकतात!

मतपेटी: नुसता फोटो पुरत नाही. सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची. फ्लेक्स कुणी छापला, कुणी लावला, हे सांगणारा माणूस आणा. साक्षीदार दोनच आणता येतात. यायला जमत नसेल तर सही केलेलं प्रतिज्ञापत्र चालतं.

हजेरी७५: "समर्थकांनी लावला, मला माहीतच नाही" म्हणून सगळे सुटतात! आणि दंड? तोही खर्चमर्यादेच्या वर जात नाही. पैसेवाल्याला ५,००० म्हणजे काहीच नाही.

कार्यालयीन: दंडावरच का अडलात? प्रचारबंदी आहे, उमेदवारी रद्द करणं आहे. पण तक्रारीत ते कुणी मागतच नाही! निकालानंतर दोन आठवड्यांत उमेदवाराने खर्चाचा तपासलेला (ऑडिट केलेला) हिशोब द्यायचा असतो. तो मागून घ्या. कक्षाने तो मागणाऱ्याला दाखवायचा असतो. फ्लेक्स गेटवर आणि हिशोबात छपाईचा एक पैसा नाही, ही विसंगती तक्रारीत लिहा.

सूचनाफलक: बरं, हिशोबाचा मुद्दा मान्य. पण कक्षाचा अध्यक्ष अधिष्ठाता (डीन), आणि निकालाआधी कक्षातले दोन विद्यार्थी सदस्यही नेमलेलेच. त्याचं उत्तर कुणीच देत नाहीये.

मतपेटी: तो दोष खराच आहे, मी नाकारत नाही. म्हणून तर सुनावणी खुली ठेवायचा नियम आहे. दार लावून घेतलं तर तिथेच लेखी हरकत द्या. निर्णय जाहीर झाल्यापासून १२ तासांत कारणांसह लेखी निर्णय मिळायला हवा. अपिलाला मात्र २४ तासच असतात, आणि ते जाहीर केल्यापासून मोजतात. लेखी प्रतीची वाट बघत बसलात तर मुदत हातची जाईल.