मदत हवी आहे: नव्या सॉफ्टवेअरमध्ये भावंडांच्या नोंदी एकत्र होतात

बालरोग दवाखाना, सुमारे ९,००० रुग्ण. जुन्या सॉफ्टवेअरमधून फक्त सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल निघते. नवं सॉफ्टवेअर मोबाइल नंबरवरून रुग्ण ओळखतं, त्यामुळे भावंडांच्या नोंदी एकात मिसळतात. लसींच्या तारखा आणि वजनावरचे डोस असताना हे फार धोक्याचं आहे.

ही फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली की १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) 9.1E+13 अशा रूपात जाऊन त्याचे शेवटचे अंक शून्य व्हायचे, तारखेत दिवस-महिना उलटायचा. रकाने आधीच ‘टेक्स्ट’ केल्यावर ते थांबलं. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल जोडून पाहिलं, पण जुळ्यांची दोघांची नोंद ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव अशीच आहे. आभा मोजक्याच मुलांचा काढलेला आहे. केसपेपर नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे, आणि नव्यात त्याला रकानाच नाही.

हा जुना नंबर कुठे बसवला तर आयात करताना तोच मुख्य ओळख धरला जाईल आणि पुढे आभा जोडताना दुहेरी नोंद होणार नाही?