मदत हवी आहे: घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांचे पेपर कसे तपासता?

पाचवीला गणित शिकवते. वर्गातल्या सहा मुलांची घरची भाषा मराठी नाही, आणि सहा जणांत मिळून चार भाषा आहेत. त्यातली एक मुलगी मैदानावर झकास मराठी बोलते, भांडतेसुद्धा मराठीतच. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र गाडी अडते.

परवाचंच घ्या. '१५ ही एका संख्येपेक्षा ८ ने लहान आहे, तर ती संख्या कोणती?' तिने १५ मधून ८ वजा केले. (ही चूक मराठी घरातली मुलंही करतात, मान्य.) मी फळ्यावर संख्यारेषा काढली, १५ वर बोट ठेवलं आणि म्हटलं, 'हा धाकटा. थोरला आठ घरं पुढे उभा आहे.' माझं वाक्य संपायच्या आत '२३' आलं. म्हणजे बेरीज येते. घोळ 'पेक्षा' आणि 'ने'मध्ये होता. पेपरात मात्र शून्य गुण.

स्टाफरूममध्ये ऐकावं लागतं, 'एवढं फाडफाड बोलते, मग भाषेचं निमित्त कशाला? कच्चीच आहे ती.' द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला फरक सांगून पाहिला: गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मराठी शिकण्याचं तिचं हे तिसरं वर्ष. पण 'पुस्तकी बोलू नका' म्हणून विषय संपला.

माझीही एक चूक कबूल करते. गेल्या वर्षी तिच्या आईला मीच सांगितलं होतं, 'घरी मराठीतच बोला.' आईला मोडकंतोडकंच येतं. मायलेकींचं बोलणंच आटलं.

तर, अशा मुलांची तोंडी परीक्षा घेता का? बाकीच्यांचे पालक हरकत घेतात तेव्हा काय सांगता? आणि एका भाषेची दोन मुलं आपसात कुजबुजतात, ते गणितच असतं हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद:

तोंडी परीक्षा फक्त सहा जणांची नको, प्रश्न सगळ्या वर्गालाच मोठ्याने वाचून दाखवा. संख्यारेषाही सगळ्यांना. हरकतीला जागाच उरत नाही. रीत आणि उत्तर यांचे गुण वेगळे ठेवा. कुजबुजणाऱ्यांना खुशाल बोलू द्या, फक्त नंतर एकाने फळ्यावर येऊन सोडवून दाखवायचं. गणित होतं की गप्पा, लगेच कळतं. पण आधी त्या आईला बोलावून घ्या आणि सांगा, घरी आपल्याच भाषेत बोला.