जॉनी कॅशचा पहिला अल्बम: ड्रम नाही, मग हा ठेका कशाचा?

सांजवारा: अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचा ‘विथ हिज हॉट अँड ब्लू गिटार’ हा १९५७ साली सन रेकॉर्ड्सने काढलेला पहिला अल्बम सध्या रोज ऐकते आहे. ‘आय वॉक द लाइन’मध्ये ड्रमवर काड्या फिरवाव्यात तसा खरखरीत ठेका ऐकू येतो, पण वादकांत ड्रम वाजवणारा कोणीच नाही. हा आवाज कशाचा, आणि या गाण्यांवर कोणाकोणाचे संस्कार आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सहा_तारा: तो आवाज कागदाचा आहे. कॅशने आपल्या गिटारच्या तारांत कागद अडकवला होता, त्यामुळे तारा घुमत नाहीत, नुसत्या खरखरतात. सोबत मार्शल ग्रँटचा उभा बेस आणि ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक गिटार, एवढाच वाद्यमेळ. पर्किन्स जाड तारा तळव्याने दाबून एकेक स्वर सुटा वाजवतो, म्हणून लय आगगाडीसारखी चालते. कडव्यांमधला हुंकारही लक्ष देऊन ऐका: पट्टी बदलत जाते, आणि नव्या पट्टीचा सूर कॅश त्या हुंकारात आधी पकडून ठेवतो.

जुनी_तबकडी: आर्कान्सॉमधील डायस येथे कापसाच्या शेतात वाढलेल्या कॅशच्या कानांवर रेडिओवरून कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स या सुरुवातीच्या कंट्री गायकांची गाणी पडत होती, तर घरात चर्चची भक्तिगीते होती. त्याला भक्तिगीतेच गायची होती. सन रेकॉर्ड्सचा मालक सॅम फिलिप्स त्यांना फारसा राजी नव्हता, तरी ‘आय वॉज देअर व्हेन इट हॅपन्ड’ हे भक्तिगीत या अल्बममध्ये आलेच. मला मात्र ‘रॉक आयलंड लाइन’ सर्वांत मोलाचे वाटते. १९३४ साली लोकगीतांचा संग्राहक जॉन लोमॅक्स आर्कान्सॉच्याच कमिन्स तुरुंगात कृष्णवर्णीय कैद्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत असताना सोबत असलेल्या लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने ते तिथे ऐकले आणि पुढे घरोघरी पोहोचवले. कंट्री हे केवळ गोऱ्यांचे संगीत मानणाऱ्यांनी हा प्रवास जरूर लक्षात घ्यावा.

सांजवारा: मनापासून आभार. याच अल्बममधले ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ तरी पूर्णपणे कॅशचेच ना?

जुनी_तबकडी: नाही, आणि कॅशवर प्रेम असले तरी हे स्पष्ट सांगायला हवे. चाल आणि बऱ्याच ओळी संगीतकार गॉर्डन जेंकिन्सच्या १९५३ सालच्या ‘क्रेसेंट सिटी ब्लूज’मधल्या आहेत. अल्बमवर जेंकिन्सला श्रेय मिळाले नाही. भरपाई पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाली. दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐका. मूळ गाण्यात गाडीचा आवाज ऐकत कंटाळवाण्या गावात अडकून पडलेली एक स्त्री आहे. कॅशने तिच्या जागी कैदी आणून बसवला.